हातमोज्याची सहा गिऱ्हाइकं

दातांच्या डॉक्टरांकडे बाहेरच्या खोलीत बसलेल्या असताना बाईंना स्वतःची घंटा ऐकू आली. वर्गातली. टेबलावर डाव्या हाताला असायची ती, पितळेची, वरच्या बोंडावर बोट दाबलं की वाजणारी. बाई ताठ झाल्या. मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली, पाय जुळवले, आणि समोरच्या खुर्च्यांकडे बघून 'चला, पेन्सिली खाली' म्हणायला तोंड उघडलं, तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं की आपला डावा गाल सध्या आपला नाही. दहा मिनिटांपूर्वी डॉक्टरांनी दाढेजवळ सुई टोचून, बधिर होईपर्यंत बसा म्हणून त्यांना बाहेर पाठवलं होतं. शाळा सोडून आठ वर्षं झाली होती. घंटा घरी कपाटात, जुन्या फडक्यात गुंडाळलेली होती. तरी वाजली ती तीच, ह्यात शंका नव्हती. एकदा खिडकीतून खाली पडून तिच्या कडेला पोचा आला होता आणि तेव्हापासून तिचा आवाज शेवटाला थोडा कुरकुरायचा, झोपेतून उठवलेल्या मुलासारखा. तशी घंटा जगात दुसरी नव्हती.

आवाज आला होता दोन खुर्च्या पलीकडून. तिथे आठ-नऊ वर्षांची एक मुलगी बसली होती. पुढचे दोन दात भांडण झाल्यासारखे एकमेकांकडे पाठ फिरवून उभे. हातात दोन्ही बाजूंना बटणं असलेला छोटा कन्सोल. बाईंनी मान न वळवता नुसते डोळे वळवले. चाळीस वर्षांच्या नोकरीत ही एक कला त्यांना चांगली साधली होती. पडद्यावर एक खिडकी, खिडकीशी एक लाकडी फळी, फळीवर एक तपकिरी हातमोजा, आणि बाहेर रस्त्यावरून जाणारी माणसं. हा त्यांच्या भाचीचा, बटणचा, गेम होता. आणि तो एक परकं मूल खेळत होतं. बटणला न ओळखणारं, बाईंना न ओळखणारं, कुणाच्याही भिडेखातर न खेळणारं मूल. दोन वर्षांत बाईंनी असं मूल पाहिलं नव्हतं.

बटण म्हणजे त्यांच्या भावाची मुलगी. लिफ्टचं, दाराच्या घंटीचं, मिक्सरचं, शेजाऱ्यांच्या गाडीचं, जे दिसेल ते बटण दाबून बघायची म्हणून हे नाव पडलं आणि आता तिशी गाठली तरी निघालं नाही. भाऊ-वहिनी दोघंही कामावर. त्यामुळे स्वतःची शाळा सुटली की ती बाईंच्या वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसायची. त्या बाकाशेजारी एक फळी होती. मुलांच्या हरवलेल्या वस्तू बाई तिथे ठेवत. पेन्सिलीचं टोपण, एकच मोजा, बिजागरी तुटलेला कंपास, एकदा तर दुधाचा दात. हे कुणाचं आहे, असं बाई कधी पुकारत नसत. पुकारलं की नको तेच हात वर होतात, हा त्यांचा अनुभव. त्या नुसतं ठेवत आणि थांबत. कधी दोन दिवस, कधी दोन महिने. ज्याचं असे तो एक दिवस जाता जाता थबके. बाई वह्या तपासत असत आणि बटण त्या फळीकडे बघत बसलेली असे. तिथे तिने काय काय साठवलं ते बाईंना वीस वर्षांनी कळलं. एका दुपारी ती आली आणि म्हणाली, आत्या, तुझी घंटा दे जरा. मग दारंखिडक्या बंद करून, अंगावर दोन गोधड्या घेऊन ती त्या अंधारात घंटा वाजवून तिचा आवाज रेकॉर्ड करत बसली, बाहेर बाईंना श्वास रोखून उभं राहायला लावलं. 'कुणाचं हे?' नावाचा तिचा गेम असा झाला. तिने आणि तिच्या एका मैत्रिणीने, एका खोलीत बसून. मैत्रीण चित्रं काढी, बटण बाकी सगळं. खेळणाऱ्याने सापडलेल्या वस्तूंच्या खिडकीत बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्यांकडे नीट बघून ज्याचं त्याला द्यायचं. गुण नाहीत, घड्याळ नाही, मारामारी नाही. बरोबर दिलं की बाईंची घंटा वाजते. एवढंच.

आता हा एवढासा खेळ, पण तो विकायचा म्हणजे तीन दुकानांत. बटण त्यांना प्लॅटफॉर्म म्हणायची, बाई मनात दुकानंच म्हणत. कॉम्प्युटरचं वेगळं, फोनचं वेगळं, हातात धरायच्या किंवा टीव्हीला जोडायच्या कन्सोलचं वेगळं. आणि एका दुकानात घेतलेलं दुसरीकडे चालत नाही. म्हणजे पुस्तक खाटेवर वाचायला एकदा घ्यायचं आणि खुर्चीत वाचायला परत घ्यायचं, असं का, असं बाईंनी विचारलं होतं, आणि बटण म्हणाली होती, तसंच, आणि लिहिणारीने ते तीनदा लिहायचंही. कन्सोलवर नेण्यासाठी तिला आणखी चार महिने लागले. तेवढ्यात मैत्रीण थकली. तिने नोकरी धरली, भांडण न करता, उलट रडत. तिची रिकामी खुर्ची बटणने ठेवून दिली. बाईंनी गेम कॉम्प्युटरवर घेतला, मग फोनवर घेतला, आणि मग एका ओळखीच्या मुलाकडून जुना कन्सोल घेऊन तो टीव्हीखाली ठेवला, वर विणलेला रुमाल टाकून. इथपर्यंत जे केलं ते कुठल्याही आत्येने केलं असतं. पुढचं मात्र फक्त बाईच करू शकत होत्या. बटण सहज बोलून गेली होती की चार-पाच जणांनी विकत घेऊन दोन ओळी लिहिल्याशिवाय दुकान आपला गेम पुढे दाखवतच नाही, मागच्या कोपऱ्यात पडून राहतो. बाईंना हे लगेच पटलं. रिकाम्या बाकांच्या वर्गात कोण येऊन बसेल? बाक भरले पाहिजेत. त्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात गेल्या. तिथे खरवडून आकडा काढायची आणि कन्सोलच्या दुकानात चालवायची कार्डं मिळत. एक घेतलं. मग आणखी चार. पाचव्याला दुकानदाराने त्यांना बाजूला घेऊन हळूच विचारलं की आजी, कुणी फोनवरून तुम्हाला हे आणायला सांगतंय का, घाबरू नका, मला सांगा. बाईंना त्या भल्या माणसाला काय सांगावं ते कळेना. हो, असं म्हणणंही खरं नव्हतं आणि नाही म्हणणंही पुरतं खरं नव्हतं.

पाच कार्डं, पाच खाती. खात्याला नाव लागतं. बाईंनी नावं दिली नाहीत, हजेरीपटाचे क्रमांक दिले. क्रमांक सात, क्रमांक बारा, क्रमांक एकवीस, क्रमांक एकोणतीस, क्रमांक तेहेतीस. आणि मग गंमत अशी झाली की क्रमांक टाकला की ते मूल समोर येऊन उभंच राहायचं. सात नंबरची, जी प्रत्येक वाक्य 'आणि'ने सुरू करायची. बारा, जो एका ओळीच्या वर निबंध लिहीत नसे. तेहेतीस, ज्याला सगळंच फार छान वाटायचं, पावसात भिजलेला डबासुद्धा. बाई दुपारी चष्मा लावून बसायच्या आणि एकेकाच्या हातचं लिहायच्या. आपल्या मनाला त्यांनी सांगून ठेवलं होतं की हे खोटं नव्हे, ही मुलं असती तर त्यांनी हेच लिहिलं असतं. एकोणतीस लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. ती मुलगी कधी थांबत नसे. घंटा वाजायच्या आधी दप्तर खांद्यावर. तिने लिहिलं, 'तिसऱ्या डावात हातमोज्यासाठी फार थांबावे लागते. मला थांबायला आवडत नाही. पण नंतर बरे वाटले.' आणि मागच्या आठवड्यात बटण बाईंच्याच घरी, बाईंच्याच टीव्हीसमोर, रुमालाखाली झाकलेल्या त्या कन्सोलपासून हातभर अंतरावर बसून हे त्यांना वाचून दाखवत होती. कन्सोलवर सहाच जण आहेत, आत्या, पण कसे आहेत बघ. सहाव्याने काही लिहिलेलं नाही, पण बाकीचे, हा एकोणतीस बघ, हा खोटं बोलत नाही. मग तिने सांगितलं की एका कंपनीकडून बोलावणं आलंय, खेळाच्या नावाखाली लोकांना पैसे लावून चक्रं फिरवत ठेवणाऱ्या, पगार भरपूर. शुक्रवारी कळवायचंय. दात कोरून पोट भरत नाही हे मलाही कळतं, ती म्हणाली, पण ह्या सहा जणांसाठी मी आणखी एक वर्ष काढू शकते असं वाटतंय. सहा म्हणजे थोडे नाहीत. आणि बाईंनी कपात चहा ओतला, थोडा बशीत सांडला, आणि अळीमिळी गुपचिळी.

आज सोमवार होता. चार दिवसांवर शुक्रवार. बधिर गालाच्या आत जीभ दाढेला शोधत होती आणि दाढ सापडत नव्हती. मुलगी हातमोज्यापाशी अडली होती. तिने तो टोपीवाल्याला देऊन पाहिला, त्याने मान हलवली. सायकलवाल्या बाईला दिला, तिनेही नको म्हटलं. बाईंना उत्तर माहीत होतं. सात वेळा विकत घेतलेला खेळ, उत्तर माहीत असणारच. काहीच करायचं नाही. हात मागे घ्यायचे आणि बसायचं. एक हात खिशात घालून चालणारा माणूस एकदा जातो, दोनदा जातो, तिसऱ्यांदा आपण होऊन थांबतो. मुलीच्या शेजारी तिचे वडील होते, मांडीवर ऑफिसची बॅग, चेहरा गोड, दाढी आज करायची राहून गेलेली. बाई बघताहेत हे पाहून ते हसले आणि कौतुकाने सांगू लागले की हिला गप्प बसवायला हाच एक उपाय आहे. ऑफिसातल्या एकाने हा कन्सोल आतून उघडून दिलाय, तीनशे गेम भरून, सगळे फुकट. त्या तीनशेंत ही रोज हाच काय तो रडका गेम लावते. विकत कोण घेतं हो, ते म्हणाले, पोरं दोन दिवसांत कंटाळतात.

बाईंना राग आला. पण राग जिथे बसायला गेला तिथे आधीच कुणीतरी बसलेलं होतं. कोड्यांचा म्हातारा. कित्येक वर्षांत तो आठवला नव्हता. किंवा आठवायला आला की बाई दुसरं काम काढत असाव्यात. सायकलवरून शाळाशाळांत फिरायचा, मागे दोरीने बांधलेली पुस्तकांची चळत. कोडी त्याची त्यानेच रचलेली, चित्रंही त्याचीच, पानंही बहुतेक घरीच शिवलेली. बाईंनी एक प्रत घेतली. एकच. रात्र जागून नव्हे, भर दुपारी, राजरोस, शाळेच्या चक्रमुद्रणाच्या यंत्रावर चाळीस प्रती काढल्या, मुलांसाठीच तर काढल्या, ह्यात वाईट ते काय, असं कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. पुढच्या वर्षी तो परत आला. टेबलावर जांभळ्या शाईतली त्याची कोडी गठ्ठ्याने पडली होती. त्याने ती पाहिली. बाईंनी त्याला पाहताना पाहिलं. तो रागावेल, निदान तोंड वाईट करेल, म्हणून बाई वाट बघत राहिल्या. आणि त्याने विचारलं, 'मुलं कुठल्या कोड्याला अडली?' त्याच्या तोंडावर केवढी उत्सुकता होती. आणि बाईंना सांगता आलं नाही. मुलं कोडी सोडवत असताना त्या वह्या तपासत होत्या. सगळीच आवडली हो सगळ्यांना, असं त्या म्हणाल्या. म्हाताऱ्याने मान हलवली, चळत परत बांधली. तिसऱ्या वर्षी तो आला नाही. पैसे बुडाले म्हणून की उत्तर मिळालं नाही म्हणून, हे बाईंना कधी कळलं नाही, आणि आता, ह्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, गाल बधिर असताना, दुसरीच शक्यता जास्त दुखत होती.

काहीतरी बोलायला हवं होतं. बाईंनी तोंड उघडलं आणि 'माझ्या भाचीचा' ऐवजी जे काही बाहेर आलं ते ऐकून मुलीच्या वडिलांनी घाईघाईने पाण्याची बाटली पुढे केली. बाईंनी हातानेच नको म्हटलं. पिशवीतून पेन्सिल काढली. बाईंच्या पिशवीत पेन्सिल नाही असं कधी होत नाही, ती टोक केलेली नाही असंही होत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या पाठीवर त्यांनी लिहिलं, 'हा गेम माझ्या भाचीने केला आहे.' आणि खाली रेघ मारली. वडिलांनी वाचलं, परत वाचलं, आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग बिचारे सावरून घ्यायला गेले.

'अरे वा. मग तुम्हाला तर फुकटच मिळत असेल.'

बाईंना हसू आलं. अर्ध्याच चेहऱ्याने आलं, त्यामुळे ते कसं दिसलं असेल देव जाणे. मुलीने मात्र चिठ्ठी बापाच्या हातातून ओढून घेतली, ओठ हलवत वाचली आणि बाईंकडे अशा नजरेने पाहिलं, जणू पाऊस कोण पाडतं ते हिला ठाऊक आहे. मग उठून ती सरळ बाईंच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली आणि पडदा दोघींच्या मध्ये धरला. हातमोजा अजून फळीवरच होता. एक हात खिशात घातलेला माणूस पहिल्यांदा येऊन गेला. बाईंच्या बोटांना मुंग्या आल्या. सांगून टाकावं, नुसता मुलीचा हात धरून मागे घ्यावा. पण चाळीस वर्षांत त्यांनी कुणाचं गणित पुरं करून दिलं नव्हतं, आणि आज तर तोंडही मदतीला नव्हतं. त्या थांबल्या. मुलगी थांबली नाही. तिने हातमोजा उचलला, माणसांवरून फिरवला, दिव्यापाशी नेला, आणि मग खिडकीच्या बाहेरच्या अंगाला, भिंतीत, पहिल्या डावातली ओली छत्री अडकवायला एक खुंटी होती, तिला तो अडकवला. आतून काढून बाहेर. रस्त्यावर लोंबत. खिशात हात घातलेला माणूस दुसऱ्यांदा येत होता. तो थबकला. खिशातून हात काढला. घंटा वाजली, कुरकुरली.

'बाहेर टांगलं की ज्याचं असेल तो नेतो,' मुलगी म्हणाली. 'आत ठेवलं तर त्याला कसं दिसणार?'

बाईंना एकदम ती फळी दिसली. वर्गाच्या शेवटी, कोपऱ्यात, खिडकीकडे पाठ करून ठेवलेली. चाळीस वर्षं. किती वस्तू तिथे कुणाला न दिसताच पडून राहिल्या असतील. दुधाचा तो दात कुणी नेला नव्हता. थांबणं थांबणं म्हणून आपण केवढं मिरवलं, आणि ह्या पोरीने, जिला थांबायचं नाही, दोन मिनिटांत फळीच उचलून रस्त्यावर नेली. त्यांना मुळीच वाईट वाटलं नाही. उलट अंगात जुनं वारं भरल्यासारखं झालं, वर्गात एखादं पोर अचानक फळ्याकडे न बघता उत्तर सांगायचं तेव्हा व्हायचं तसं. आतून बाईंचं नाव पुकारलं गेलं. त्या उठल्या. मुलीने त्यांची बाही धरली आणि निरोप दिला, की तुमच्या भाचीला सांगा, खुंटी एक कमी आहे, दोन हव्यात, कारण पुढच्या डावात छत्री परत आलीय. मुलीने खुर्चीवर टाकलेली चिठ्ठी वडिलांनी उचलली, पण परत दिली नाही. तीत पुढची तारीख लिहिलेली आहे हे लक्षात न येता घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली. बाहेर पडताना बाईंना दुसरी करून घ्यावी लागली. बोर्डवर पाहिलं तर गुरुवारी साडेदहाला त्या, आणि लगेच त्यांच्या खाली ती मुलगी. चिठ्ठी लिहून देणारी म्हणाली, आज तिचं नुसतं माप घेतलंय, तारा गुरुवारी बसायच्यात.

घरी न जाता त्या तशाच बटणच्या खोलीवर गेल्या. कपडे धुण्याच्या दुकानाच्या वर तिची एकच खोली; जिन्यात नेहमी गरम वाफ आणि साबणाचा वास. जिना चढताना गाल हळूहळू परत येत होता, आधी मुंग्या, मग जडपणा, मग दुखणं. आपलं सांगणंही असंच परत येईल तर बरं, बाईंना वाटलं, आधी मुंग्या तरी. खोलीत मैत्रिणीची खुर्ची होती, तिच्यावर टॉवेल वाळत होता. भिंतीवर, पडद्याच्या वर, बटणने एकोणतीस नंबरचं म्हणणं छापून चिकटवलं होतं. तोंड वाकडं का दिसतंय, असं बटणने विचारलं. दाढ, बाई म्हणाल्या. चहा नको, पिता यायचा नाही. तरी तिने दोन कप मांडलेच. वर्गात चोरी सापडली की मुलं 'बाई, पण' अशी सुरुवात करायची, आणि बाई म्हणायच्या, 'पण' नंतर, आधी काय केलंस ते सांग. त्यांनी 'पण' गिळला.

'कन्सोलवरचे सहा आहेत ना. त्यातले पाच मी आहे.'

बटण आधी हसली. मग बाईंनी पाचही क्रमांक सांगितले, हजेरी घेतल्यासारखे, आणि एकोणतीस शेवटी. बटणने भिंतीकडे पाहिलं नाही. ती उठली आणि धुतलेलेच कप पुन्हा धुवायला लागली. नळ बराच वेळ वाहत होता.

'मी तिसरा डाव तीन आठवडे परत परत केला,' ती पाठमोरीच म्हणाली. 'एकोणतीससाठी.'

'माहीत आहे.'

'तुला माहीत होतं, आणि तू माझ्यासमोर बसून चहा पीत होतीस.'

आपलेच दात, आपलेच ओठ, असं लोक म्हणतात ते चावणाऱ्याच्या बाजूने. ओठांना कुणी विचारत नाही. बाई मैत्रिणीच्या खुर्चीजवळ उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत, कारण ती खुर्ची त्यांची नव्हती. बटण रडली असती तर त्यांना काय करायचं ते माहीत होतं. ती रडत नव्हती, कपाची कड अंगठ्याने घासत होती. शेवटी तिने नळ बंद केला आणि आजच का सांगितलंस, असं विचारलं. बाई म्हणाल्या, शुक्रवार आलाय म्हणून. आणि आज एक खरी पाहिली म्हणून, दातांच्या डॉक्टरांकडे, एवढीशी मुलगी. बटण वळली. विकत घेतलेला होता का, तिने विचारलं. बाईंनी नाही म्हणून मान हलवली. तीनशे फुकटातला एक.

'छान,' बटण म्हणाली. 'विकत घेणारी खोटी, आणि खरी आहे ती फुकटी.'

तिने हात टॉवेलला पुसले. टॉवेल खुर्चीवरून काढला, घडी केली, परत उलगडला. खालच्या दुकानातलं यंत्र गरगरत थांबलं.

'कुठे अडली?' तिने विचारलं.

बाईंना एक क्षण सायकलच्या मागे बांधलेली चळत दिसली. मग त्या बोलू लागल्या, आणि अर्धा गाल अजून जड असून त्यांचा एक शब्द अडखळला नाही. टोपीवाल्याला आधी दिला, मग सायकलवालीला. सायकलवालीला देताना जीभ बाहेर काढली होती. माणूस पहिल्यांदा गेला तेव्हा तिने त्याच्या खिशाकडे पाहिलं, म्हणजे दिसलं होतं तिला, पण पकडलं नव्हतं. दिव्यापाशी नेला, तिथे बेत बदलला. बाईंनी खिडकी उघडली, आपला हातरुमाल काढला आणि बाहेरच्या कडीला अडकवून दाखवला. असा. वाऱ्यावर रुमाल हलला.

'पण ती छत्रीची खुंटी आहे.'

'तिला कुणी सांगितलं नव्हतं.'

बटण कॉम्प्युटरपाशी गेली, उभ्यानेच. तिसरा डाव लावला, हातमोजा उचलला, खिडकीबाहेर नेला आणि सोडला. तो अडकला. माणूस थबकला. घंटा वाजली. बटण हळूच बसली, मैत्रिणीच्या खुर्चीत, कारण तीच जवळ होती.

'हे मी केलंच नव्हतं, आत्या.'

'केलं नव्हतंस. होऊ दिलं होतंस.'

मग त्यांनी निरोप सांगितला, खुंटी एक कमी आहे, दोन हव्यात. बटणने नुसतं हं केलं. भिंतीवरचा कागद तिने काढला नाही, पण पेन घेऊन 'क्रमांक एकोणतीस' खोडलं आणि वर 'आत्या' लिहिलं, दाबून, जरा जास्तच दाबून. सहावा कोण, तिने विचारलं. बाई म्हणाल्या, देवाशपथ तो मी नाही. बरं, बटण म्हणाली, म्हणजे एक आहे. आणि एक फुकटी. मग तिने डॉक्टरांची पुढची तारीख विचारली, आणि मुलीची कधी, तेही विचारलं. दोघींची गुरुवारी, साडेदहा, बाई म्हणाल्या. तुला यायचं असेल तर ये, पण तू कोण ते सांगायचं नाही, शिकवायचं नाही, बापाला टोमणा मारायचा नाही. अडली तर अडू द्यायचं.

'आणि शुक्रवारचं?' बाईंनी दारात चपला घालताना विचारलं.

'शुक्रवार गुरुवारनंतर येतो,' बटण म्हणाली, आणि पडद्यावरच्या भिंतीत दुसरी खुंटी कुठे बसेल ते बघू लागली.